देवाची इच्छा म्हणजे काय?



माळकरी बंधुभगिनींनो, गेल्या माघात तळवडे-चिखलीच्या बाजूस कामगारांच्या एका वस्तीत अखंड हरिनाम सप्ताहाला आम्हास बोलावणे होते. देहू तेथून दीड-दोन कोस. आमच्या वडिलांनी हे सारे शिवार ज्वारी-बाजरीचे पाहिले होते. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता भोसरी, आकुर्डी, चिंचवड, पुढे थेट चाकणपर्यंत रानाच्या जागी पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. त्या शेडांत राबणारी माणसे परभणीची, लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची. येताना ती आपले टाळ आणि पोथ्या बरोबर घेऊन आली. बारा तासांची पाळी करून पहाटे काकड्याला उभा राहणारा भाविक पाहावयाचा असेल तर ह्या वस्त्यांत यावे. आम्ही जातो ते बिदागीसाठी नव्हे, असे म्हणणार होतो. पण बिदागी घेतो, हे खरे आहे.

ह्या सप्ताहात मृदंगाला एक पंचविशीतला मुलगा असावयाचा. हात मोठा गोड. चाल धरली की कीर्तनकाराच्या श्वासाबरोबर त्याचा ठेका चालावा. सप्ताह बसण्याच्या चार दिवस आधी तो काम करीत असलेल्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तर्जनी आणि मध्यमा. मृदंगाच्या शाईवर जी बोटे बोलतात, नेमकी तीच.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही त्याला पाहावयास गेलो. हाताला मोठे बॅंडेज, उशाशी बाप बसलेला. म्हातारा चाळीस वर्षांचा वारकरी. काय बोलावे ते आम्हास सुचेना. अशा वेळी कीर्तनकाराच्या तोंडी जे येते तेच आले. आम्ही म्हणालो, "बाबा, पांडुरंगाची इच्छा. त्याच्यापुढं आपलं काय चालतं?"

म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाराज, एक विचारू का? त्या मशीनला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येती, म्हंजे हात आत राहू नये म्हणून. माल लवकर निघावा म्हणून एका बटनावर चिकटपट्टी लावून ठेवली व्हती. मग ती पट्टी बी पांडुरंगानंच लावली का?"

आम्ही उठलो, नमस्कार केला आणि बाहेर आलो. उत्तर दिले नाही, कारण ते नव्हते. पन्नास वर्षे शास्त्र वाचून आणि चाळीस वर्षे कीर्तने करून आम्ही एका बापाला जे सांगितले, ते खरे की खोटे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. त्या सात रात्री मुक्कामाच्या खोलीत आम्ही पुन्हा पोथ्या उघडल्या. त्यातून जे हाती लागले ते ह्या अंकात मांडतो.

पाठशाळेत आम्हाला ईश्वराचे एक लक्षण घोकविले होते. जो एखादी गोष्ट करू शकतो, न करू शकतो आणि करावयाची ती निराळ्याच रीतीने करू शकतो, तो ईश्वर. ह्याहून मोठे स्वातंत्र्य कोणते? आता पूर्वपक्ष मांडतो तो असा. देव इतका स्वतंत्र असेल, तर त्या दिवशी ती प्रेस तो हवेत थांबवू शकला असता. शक्य असून थांबविली नाही, तर तो निर्दय. एकाची बोटे राखली आणि दुसऱ्याची घेतली, तर तो पक्षपाती. थांबविणे त्याला शक्यच नव्हते असे म्हणाल, तर मग तो देव कसला? हा पेच आजचा नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ह्यावर एक स्वतंत्र अधिकरणच आहे. वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे विषमता आणि निष्ठुरता, हे दोन आरोप देवावर तेथे उघड उघड ठेवले आहेत. आमच्या पूर्वसूरींना देवावर फिर्याद ठेवण्याचे भय वाटत नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

आचार्यांनी त्याचे उत्तर पावसाच्या दृष्टांताने दिले आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो; भाताचे बी असेल तेथे भात येतो, जवाचे असेल तेथे जव. उगवण्याला पाऊस लागतो, पण काय उगवावे हे बी ठरविते. तद्वत् ईश्वर सर्वांचे सामान्य कारण, आणि सुखदुःखाचे भेद ज्याच्या त्याच्या कर्मानुसार. देव कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो म्हणून तो पक्षपाती नाही. बरे, कर्माची अपेक्षा ठेवतो म्हणून तो परतंत्र झाला काय? तेही नाही. चाकरी पाहून वेतन देणारा राजा राजेपणाला मुकत नाही.

येथवर ठीक. पण येथेच मोठा खड्डा आहे, आणि आम्ही कीर्तनकार त्यात श्रोत्यांना कैक वर्षे ढकलीत आलो आहोत. हे उत्तर ऐकून माणूस चटकन म्हणतो, "म्हणजे त्या पोराचे प्रारब्धच तसे!" शेडवालाही हेच म्हणतो, आणि मोठ्या समाधानाने म्हणतो. पाहा, 'देवाची इच्छा' ह्या शब्दाच्या जागी 'प्रारब्ध' हा शब्द आला, पण चिकटपट्टी होती तेथेच राहिली!

शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध ज्याचे त्याने भोगावयाचे. दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्याला दिसत नाही, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम कोणी आपल्याकडे सोपविलेले नाही. पट्टी लावणाऱ्याचे ते कर्म क्रियमाण आहे. ताजे, स्वतःच्या हाताने केलेले, स्वतःच्या खाती पडणारे. वाटमाऱ्याने पकडल्यावर, "पांथस्थाच्या नशिबी लुटले जाणे होते, मी केवळ निमित्त," असे म्हटले तर कोणता पाटील त्याला सोडील? प्रारब्धाचा सिद्धांत दुःख भोगणाऱ्याने स्वतःच्या मनाला धीर द्यावा म्हणून असेल तर असो. दुःख देणाऱ्याच्या तोंडी तो शब्द शोभत नाही. आणि त्या दिवशी आम्ही दुःख देणाऱ्याच्या बाजूने बोललो होतो, जाणून नव्हे, पण बोललो होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चांगले ते चांगले का? देवाला वाटले म्हणून, की मुळातच चांगले आहे म्हणून देवाला ते वाटले? पहिले म्हणावे तर उद्या देवाने मर्जी फिरविली की हत्या पुण्य आणि दान पाप. दुसरे म्हणावे तर देवाच्या डोक्यावर आणखी एक कायदा बसला.

मीमांसकांनी ही गाठ कापूनच टाकली. धर्म वेदाने कळतो, वेद कोणी रचलेला नाही, मग मध्ये देव हवा कशाला? कुमारिलभट्टांनी श्लोकवार्तिकात जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन केले आहे, आणि तरीही त्यांना कोणी अधार्मिक म्हटले नाही. नैयायिक दुसऱ्या टोकाला. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध केला. त्यांच्या मते वेद ईश्वराने रचला म्हणूनच प्रमाण. ह्या दोघांच्या मधून वेदांती गेला, आणि त्याचे उत्तर आम्हाला चौथ्या रात्री भामतीत पुन्हा भेटले. विद्यार्थिदशेत ते स्थळ आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते आणि सोडून दिले होते.

वाचस्पतिमिश्र शास्त्रयोनित्वाच्या सूत्रावर लिहिताना म्हणतात, त्याचा भावार्थ असा : ईश्वर सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे, वेद त्याच्यापासूनच निघतो, तरीही वेदाच्या बाबतीत तो मनास येईल तसे करण्यास स्वतंत्र नाही. मागल्या सृष्टीत जसा होता तसाच तो पुढल्या सृष्टीत प्रकट करतो. कोणत्याही सृष्टीत ब्रह्महत्येने कल्याण होत नाही. अग्नी भिजवीत नाही आणि पाणी जाळीत नाही. बंधूंनो, हजार वर्षांपूर्वीचा एक आस्तिक पंडित हे लिहितो आहे. देव सर्व काही करील, पण हत्येला पुण्य करणार नाही.

म्हणजे देव बांधला गेला काय? येथे आम्हाला त्या मुलाच्या मृदंगाचीच आठवण झाली. नवशिका वादक कोठेही चुकू शकतो. ठेका सोडू शकतो, समेच्या आधी येऊ शकतो, नंतर येऊ शकतो. सिद्धहस्त वादक लय दुप्पट करील, चौपट करील, बोलांचा पाऊस पाडील, आणि समेवर अचूक येईल. तो चुकत नाही म्हणून त्याला परतंत्र म्हणावे, आणि चुकणाऱ्याला स्वतंत्र? सम त्याला कोणी बाहेरून लादलेली नाही. ती त्याच्या अंगात भिनली आहे. आई लेकराला विष घालू शकते काय? हात आहे, वाटी आहे. पण 'शकते' हा शब्दच तेथे लागू पडत नाही. देवाचे धर्माशी असे नाते आहे. धर्म त्याच्या वर नाही, त्याच्या मर्जीने घडविलेला नाही; तो त्याचा स्वभाव आहे. स्वभावाप्रमाणे वागणे ह्यालाच आम्ही स्वातंत्र्य म्हणतो. लहरीप्रमाणे वागणाऱ्याला खेडेगावातही कोणी मोठा माणूस म्हणत नाही, मग देवाला का म्हणावे?

(एक आडवळण घेतो. त्या मुलाच्या भरपाईसाठी ज्याने सर्वांत जास्त पायपीट केली तो त्याच शेडमधला युनियनचा एक कार्यकर्ता आहे. तो देऊळ चढत नाही, माळेची थट्टा करतो. आम्हालाही तोंडावर म्हणाला, "बुवा, तुमच्या देवानं काय केलं?" त्याच्या ठिकाणी धर्म नाही असे म्हणण्याची आमची छाती नाही. कुमारिलभट्टांशी त्याचे चांगले जमले असते.)

पण नुसते शास्त्र वारकऱ्याला पुरत नाही. वारकऱ्याचा देव अधिकरणात बसलेला नाही, विटेवर उभा आहे. तो उभा का? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. ज्याला कोणी थांबवू शकत नाही तो थांबला. आणि कोणासाठी थांबला, तर जो आईबापांची सेवा टाकून देवाच्या स्वागतालाही उठला नाही त्याच्यासाठी! आपल्या दर्शनापेक्षा त्या मुलाचे कर्तव्य देवाने मोठे मानले. देव स्वतंत्र आहे किंवा नाही असा वाद घालणाऱ्याने एकदा पंढरीस जाऊन ती वीट पाहावी.

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. दुष्काळ पडला, मंगळवेढ्याला माणसे मरू लागली, पंतांनी बादशहाची कोठारे मोकळी केली. मग बेदराहून बोलावणे आले, आणि देव विठू महार होऊन दरबारात गेला. ही कथा आपण सर्वांनी शंभरदा ऐकली. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात ह्या सप्ताहात आली. देव काय काय करू शकला असता! बादशहाची बुद्धी फिरवू शकला असता. कोठारे जादूने पुन्हा भरू शकला असता. चोपडीतला आकडा पुसू शकला असता. त्याने ह्यांतले काही केले नाही. त्याने धान्याचे मोल मोजून भरले, आणि पावती घेतली! धान्य बादशहाचे होते, तेव्हा त्याचे येणे खरे होते. लोक भुकेले होते, तेव्हा पंतांचे देणेही खरे होते. देवाने कोणाचाही खरा हिशेब बुडविला नाही. तूट आपल्या अंगावर घेतली. सर्वसमर्थ असून ज्याने पावती घेतली, त्याचे नाव घेऊन आपण दुसऱ्याच्या बोटांचा हिशेब बुडवावा काय?

हे केवळ शेडवाल्याला सांगत नाही, आपणा सर्वांना सांगतो. आपली इंद्रायणी पाहा. गेली काही वर्षे आळंदीला घाटावर पांढराशुभ्र फेस तरंगतो. बर्फ पडल्यासारखे दिसते, आणि परगावचा भाविक कार्तिकीला त्यातच बुडी मारतो. कारखान्यांचे रसायन आहे, तसेच वाढत्या शहराचे आणि गावांचे न शुद्ध केलेले सांडपाणी आहे. आम्ही ज्या वस्तीत कीर्तन करीत होतो तिचेही आहे, आमच्या मुक्कामाच्या खोलीचेही असेल. विचारले तर भाविक हात जोडून म्हणतो, "माउली बघून घेईल." १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला ह्याच इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसे गेली, तेव्हाही 'नियती' हा शब्द आमच्या कानी आला. पालखी प्रस्थान तीन दिवसांवर होते. गंजलेल्या लोखंडाला नियती म्हणणे सोपे असते.

ह्याच नदीत तुकोबारायांच्या वह्या बुडविल्या गेल्या. ते "देवाची इच्छा" म्हणून घरी जाऊन निजले नाहीत. तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून बसले, आणि देवालाच जाब विचारला. जे घडले ते देवाला आवडले असेल, हे मानावयास ते तयार नव्हते. घडले म्हणजे देवाला मान्य, असे समजणे ही भक्ती आहे असे आम्हाला आता वाटत नाही.

असो. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. मंडळाच्या अध्यक्षांनी आदल्या रात्री येऊन सुचविले की काल्याच्या पंगतीचे अन्नदाते अमुक ठेकेदार आहेत, त्यांच्या गळ्यात हार घालताना दोन शब्द बोलावेत. ते ठेकेदार म्हणजे ज्यांनी त्या मुलाला कामाला लावले होते तेच. गृहस्थ वाईट नाहीत. दरवर्षी वारीच्या दिंडीला पाण्याचा टॅंकर देतात. पट्टी कोणी लावली ह्यावर दोन मते आहेत; ठेकेदारांचे म्हणणे, पोरेच लावतात, जास्त नग निघावेत म्हणून. पण पट्टी आहे हे सर्वांना दिसत होते, आणि नग मोजून घेणारे हात पोरांचे नव्हते. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा करण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने शेड चालविणाऱ्यावर घातली होती. तिला शाहत्तर-सत्त्याहत्तर वर्षे होऊन गेली.

काल्याला भगवंताच्या बाललीला सांगावयाच्या. लोणी चोरणारा कृष्ण आला की एखादा चिकित्सक श्रोता विचारतोच, देवाने चोरी केली तर चालते काय? राजा परीक्षितीलाही रासक्रीडा ऐकून अशीच शंका आली होती : धर्म राखण्यासाठी आलेल्यानेच मर्यादा कशी मोडली? शुकाचार्यांनी त्याला जे सांगितले त्याचे तात्पर्य असे की समर्थांनी सांगितले ते आचरावे, त्यांनी केले ते सगळेच करू जाऊ नये; शंकर विष पचवितो म्हणून आपण पिऊ नये. आम्ही त्या दिवशी एवढेच जोडले की कृष्णाने चोरलेले लोणी सवंगड्यांना वाटले, आणि सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून त्यांचे उष्टे खाल्ले. ज्याला आपल्या कृत्याला लीला म्हणावयाचे असेल त्याने आधी त्या पंगतीत बसावे. मग दामाजीपंतांची पावती सांगितली. शेवटी म्हणालो, की आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात एका बापाला आम्ही देवाचे नाव घेऊन खोटे बोललो. त्या बापाची आम्ही ह्या गादीवरून, आपणा सर्वांदेखत, क्षमा मागतो. पट्टी पांडुरंगाने लावलेली नाही.

मंडपात कोणी बोलले नाही. टाळकरी आमच्याकडे पाहत राहिले, मृदंगावर बसलेला दुसरा मुलगा ठेका धरावयाचे विसरला. ठेकेदार समोरच होते. हंडी फुटेपर्यंत थांबले आणि प्रसाद न घेता गेले. हार तसाच ताटात राहिला. त्यांचे मन दुखावण्यासाठी आम्ही बोललो नव्हतो, पण दुखावले असेल तर ते आमच्या खाती आहे. पुढील माघाचे त्या मंडळाचे निमंत्रण अद्याप आलेले नाही.

म्हातारा भेटावयास आला. पाया पडू लागला, तेव्हा आम्ही त्याचा हात धरला. तो म्हणाला, "महाराज, तुमचं बरोबर हाय. पण मग ती खाली येताना पांडुरंग कुठं व्हता?" आम्ही सांगितले, बाबा, हे आम्हाला ठाऊक नाही. तो म्हणाला, "बरं." आणि आम्ही दोघे थोडा वेळ तेथेच मंडपाच्या खांबाशी बसलो.

मुलगा आता वस्तीतल्या तीन पोरांना मृदंग शिकवितो. बोल तोंडाने म्हणतो, डाव्या हाताने मांडीवर ठेका देतो, आणि धुमेला कणीक कमी-जास्त झाली की डाव्या अंगठ्याने स्वतः काढतो. भरपाईचा दावा चालू आहे. तारखेला म्हातारा, तो युनियनवाला आणि आम्ही असे तिघे पुण्यास जातो. आमची साक्ष नाही, नुसते सोबतीला जातो. युनियनवाला वाटेत आमची थट्टा करतो, आणि चहाचे पैसे मात्र आम्हाला देऊ देत नाही. पुढची तारीख कार्तिकीच्या आधी आहे.